आग्नर क्रारूप एर्लांग

आग्नर क्रारूप एर्लांग (जन्म : १ जानेवारी १८७८, ल्योनबोर्ग, डेन्मार्क, मृत्यू : ३ फेब्रुवारी १९२९, कोपनहेगन) हे डॅनिश गणितज्ञ व संशोधक होते. टेलिफोन केंद्रातील वाहतुकीचा संभाव्यताशास्त्राच्या आधारे अभ्यास करून त्यांनी वाहतूक अभियांत्रिकी आणि रांगशास्त्र या दोन शाखांचा पाया घातला. अनेक ग्राहकांनी मोजक्या वाहिन्या सामायिक वापरायच्या असतील, तर किती वाहिन्या पुरेशा होतील आणि किती ग्राहकांना निराश व्हावे लागेल, या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर देणारी सूत्रे त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. दूरसंचारातील भार मोजण्याच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे. इंटरनेटचा कणा असलेल्या अतिवेगवान जाळ्यांतील स्विच आणि राउटर यांच्या रचनेचा विचार करतानाही त्यांनी मांडलेल्या प्रश्नापासूनच आरंभ करावा लागतो.

== बालपण ==

एर्लांग यांचा जन्म डेन्मार्कच्या जटलंड भागातील ल्योनबोर्ग या खेड्यात झाला. त्यांचे वडील हान्स निल्सन एर्लांग हे गावचे शाळामास्तर होते आणि चर्चमधील कारकुनीही त्यांच्याकडे होती. आई मॅग्डालेन क्रारूप या धर्मोपदेशकांच्या घराण्यातील होत्या. सोळाव्या-सतराव्या शतकांतील नामवंत डॅनिश गणितज्ञ थॉमस फिंके हे एर्लांग यांच्या पूर्वजांपैकी एक होत. आग्नर यांना फ्रेडरिक हा थोरला भाऊ आणि मारी व इंगेबोर्ग या दोन धाकट्या बहिणी होत्या.

त्यांचे प्राथमिक शिक्षण वडिलांच्याच शाळेत झाले. मुलगा शांत स्वभावाचा होता आणि खेळण्यापेक्षा वाचनात अधिक रमे. संध्याकाळी दोघे भाऊ मिळून एकच पुस्तक वाचत. फ्रेडरिक पुस्तक आपल्यासमोर सुलट धरी आणि आग्नर समोरच्या बाजूला बसे. त्यामुळे उलटी अक्षरे वाचण्याची त्याला सवयच जडली. खगोलशास्त्राची त्याला विशेष ओढ होती आणि त्या विषयावर तो कविताही रचत असे.

== शिक्षण आणि अध्यापन ==

वयाच्या चौदाव्या वर्षी एर्लांग कोपनहेगन विद्यापीठाची पूर्वपरीक्षा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. वय नियमापेक्षा कमी असल्याने परीक्षेस बसण्यासाठी त्यांना खास परवानगी घ्यावी लागली होती. त्यानंतर गावी परतून त्यांनी दोन वर्षे वडिलांच्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून काम केले आणि त्याच काळात पुढील अभ्यासही चालू ठेवला.

१८९६ मध्ये त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश मिळवला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे शिष्यवृत्ती व विद्यापीठाच्या वसतिगृहातील विनामूल्य निवास यांवर त्यांचे शिक्षण झाले. झॉयथेन आणि युएल या प्राध्यापकांच्या सहवासात भूमितीची जी गोडी लागली, ती आयुष्यभर टिकली. १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय आणि खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे पूरक विषय घेऊन त्यांनी पदव्युत्तर पदवी संपादन केली.

पुढील सात वर्षे त्यांनी निरनिराळ्या शाळांत अध्यापन केले. ते मितभाषी होते आणि चारचौघांत बोलण्यापेक्षा ऐकणे पसंत करीत. तरीही शिक्षक म्हणून त्यांचा लौकिक चांगला होता. सुट्ट्यांत ते फ्रान्स, जर्मनी, स्वीडन, इंग्लंड अशा देशांचा प्रवास करीत आणि तेथील कलादालने व ग्रंथालये पाहत. अध्यापन करतानाच त्यांचे गणिताचे स्वतंत्र चिंतनही चालू होते. हायगेन्स यांनी सोडवलेल्या सूक्ष्मराशींच्या प्रश्नांवरील त्यांच्या प्रबंधाला १९०४ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या स्पर्धेत गौरव प्राप्त झाला.

== टेलिफोन कंपनीत प्रवेश ==

एर्लांग डॅनिश गणितज्ञांच्या संघटनेचे सभासद होते. तिच्या बैठकींत त्यांची योहान येन्सन यांच्याशी ओळख झाली. गणितातील येन्सन असमानता ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे गृहस्थ. गणित हा त्यांचा छंद असून व्यवसायाने ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता होते. आपल्या कंपनीपुढील काही प्रश्न केवळ अनुभवाने सुटणारे नाहीत आणि त्यांना गणिती दृष्टीच हवी, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये एर्लांग शाळेतील नोकरी सोडून कंपनीत संशोधक म्हणून रुजू झाले. पुढे कंपनीच्या भौतिक-तांत्रिक प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत त्यांनी तेथेच काम केले.

== मूळ प्रश्न ==

त्या काळी बहुतेक टेलिफोन केंद्रे हातांनी चालवली जात. ग्राहकाने फोन उचलला की केंद्रातील ऑपरेटर स्त्री त्याची मागणी ऐकून दोन वाहिन्या दोरीने जोडून देई. अमेरिकेत स्ट्राउजर यांच्या एकस्वावर आधारलेले पहिले स्वयंचलित केंद्र १८९२ मध्ये सुरू झाले होते आणि यंत्राने जोडणी करण्याची पद्धत हळूहळू पसरत होती. केंद्र हातांनी चालणारे असो वा यंत्राने, एक अडचण दोहोंत समान होती. प्रत्येक ग्राहकासाठी दुसऱ्या केंद्रापर्यंत स्वतंत्र वाहिनी टाकणे आर्थिकदृष्ट्या अशक्य होते. सर्व ग्राहक एकाच वेळी बोलत नाहीत, म्हणून थोड्या वाहिन्या पुष्कळांत वाटून वापरता येत. मात्र त्या किती असाव्यात? कमी ठेवल्या तर ग्राहकांना वारंवार नकार मिळणार. जास्त टाकल्या तर तांब्यात गुंतवलेला पैसा वाया जाणार. हा निर्णय तोवर प्रामुख्याने अंदाजाने व अनुभवाने घेतला जाई.

== १९०९चा निबंध ==

एर्लांग यांचा या विषयावरील पहिला महत्त्वाचा निबंध १९०९ मध्ये एका डॅनिश गणितविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संभाव्यताशास्त्र आणि टेलिफोन संभाषणे यांचा संबंध हा त्याचा विषय होता. ग्राहक एकमेकांना न विचारता, आपापल्या गरजेनुसार फोन करतात. त्यामुळे ठरावीक वेळात येणाऱ्या कॉलची संख्या प्वासाँ वितरणाचे पालन करते, असे त्यांनी दाखवले.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या केंद्रात मिनिटाला सरासरी दोन कॉल येत असतील, तर प्रत्येक मिनिटाला नेमके दोनच येतील असे नाही. एखाद्या मिनिटात एकही कॉल न येण्याची संभाव्यता सुमारे १३.५ टक्के, तर पाच किंवा त्याहून अधिक कॉल येण्याची संभाव्यता सुमारे ५.३ टक्के असते. म्हणजे एकेका ग्राहकाच्या वर्तनाचे भाकीत करता आले नाही, तरी समुदायाच्या वर्तनाला नियम असतो. गर्दीचे प्रमाण असे मोजता येऊ लागल्यावर तिच्यासाठी किती तयारी ठेवावी, हेही मोजणे शक्य झाले.

== १९१७चा निबंध व सूत्रे ==

एर्लांग यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वयंचलित टेलिफोन केंद्रांच्या दृष्टीने महत्त्वाच्या अशा काही संभाव्यताविषयक प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्यात दिली. पुढील वर्षी त्याचा इंग्रजी अवतार ब्रिटिश टपाल खात्यातील विद्युत अभियंत्यांच्या नियतकालिकात आला.

त्यांची पद्धत सांख्यिकीय समतोलाच्या कल्पनेवर आधारलेली आहे. केंद्र दीर्घकाळ चालू असेल, तर तीन वाहिन्या व्यस्त असलेल्या स्थितीतून चार व्यस्त असलेल्या स्थितीत ते जितक्या वेळा जाते, सरासरीने तितक्याच वेळा ते चारवरून तीनवर येते. प्रत्येक शेजारच्या जोडीसाठी असा हिशेब मांडला, की सर्व वाहिन्या व्यस्त असण्याची संभाव्यता काढता येते.

या सूत्रांत दोन प्रकारच्या व्यवस्था विचारात घेतल्या आहेत. पहिल्या प्रकारात वाहिनी मोकळी नसेल तर कॉल नाकारला जातो. त्याचे सूत्र एर्लांग बी या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या प्रकारात ग्राहक रांगेत थांबतो. त्याचे सूत्र एर्लांग सी होय. भारतातील जुन्या ट्रंक कॉलच्या पद्धतीत मागणी नोंदवून क्रमाची वाट पाहावी लागे. ती दुसऱ्या प्रकारची व्यवस्था होती, तर लगेच ऐकू येणारा व्यस्ततेचा सूर हे पहिल्या प्रकाराचे लक्षण आहे.

दूरसंचारातील भार एर्लांग या एककात मोजतात. एक वाहिनी सतत व्यस्त राहील इतका भार म्हणजे एक एर्लांग. तासाभरात प्रत्येकी तीन मिनिटांचे वीस कॉल आले, तर भार एक एर्लांग होतो. हा भार एकाच वाहिनीवर टाकला तर निम्मे कॉल नाकारले जातात. दोन वाहिन्या असतील तर २० टक्के, तीन असतील तर ६.२५ टक्के, चार असतील तर सुमारे दीड टक्का आणि पाच असतील तर सुमारे ०.३ टक्के कॉल वाया जातात. नकाराचे प्रमाण कधीच शून्य होत नाही. ते किती ठेवायचे हे मात्र आधी ठरवता येते आणि त्याची किंमतही आधी कळते.

याच सूत्रातून आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. शंभरात एक कॉल नाकारला गेलेला चालेल असे ठरवले, तर १० वाहिन्यांचा समूह सुमारे ४.५ एर्लांग भार पेलू शकतो. तीच अट ठेवून १०० वाहिन्यांचा समूह मात्र सुमारे ८४ एर्लांग भार पेलतो. वाहिन्या दहापट झाल्या, पण क्षमता जवळजवळ एकोणीसपट झाली. लहान लहान प्रवाह एकत्र आणून एका मोठ्या वाहिनीतून नेणे किफायतशीर का ठरते, याचे गणिती कारण येथे सापडते. शहराशहरांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्यांचे अर्थकारण याच तत्त्वावर उभे आहे.

बी सूत्राचा एक गुण विशेष उल्लेखनीय आहे. संभाषणांच्या कालावधीचे वितरण कसेही असले, तरी नकाराचे प्रमाण केवळ त्यांच्या सरासरीवर अवलंबून राहते, हे पुढे काटेकोरपणे सिद्ध झाले.

== प्रयोगशाळेतील काम आणि स्वभाव ==

एर्लांग यांचे काम कागदापुरते मर्यादित नव्हते. सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेत मदतनीस नसल्याने जमिनीखालील केबलींभोवतीच्या भरकटलेल्या विद्युतप्रवाहाची मोजमापे ते स्वतः घेत. शिडी घेतलेल्या एका कामगारासह कोपनहेगनच्या रस्त्यांवरून जाणारे आणि मॅनहोलमध्ये उतरणारे एर्लांग हे तेथील लोकांच्या परिचयाचे दृश्य होते. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाच्या मोजमापासाठी त्यांनी एक सुधारित उपकरणही तयार केले. चार अंकी लॉगॅरिथम कोष्टके करण्यातही त्यांना रस होता.

त्यांचे लेखन अत्यंत संक्षिप्त असे. अनेक ठिकाणी ते सिद्धता न देता केवळ निष्कर्ष मांडत. त्यामुळे त्या क्षेत्राबाहेरील वाचकांना ते अवघड जाई. त्यांचे मूळ निबंध वाचता यावेत म्हणून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या एका संशोधकाने डॅनिश भाषा शिकून घेतल्याचे सांगितले जाते.

एर्लांग अविवाहित राहिले. त्यांच्या संग्रहात गणित, खगोलशास्त्र व भौतिकशास्त्र या विषयांचे पुष्कळ ग्रंथ होते आणि या विषयांची माहिती विचारणाऱ्यांना ते मोकळेपणाने मदत करीत. त्यांचा दानधर्मही गाजावाजा न करता चाले. गरजू माणसे, विशेषतः स्त्रिया, मदतीसाठी प्रयोगशाळेत येत आणि ते त्यांना संकोच वाटणार नाही अशा रीतीने पैसे देत.

कंपनीतील जवळजवळ वीस वर्षांच्या सेवेत आजारपणामुळे त्यांची अनुपस्थिती कधी झाली नव्हती. १९२९च्या आरंभी मात्र पोटाच्या विकारामुळे त्यांना रुग्णालयात दाखल करून शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातच ३ फेब्रुवारी १९२९ रोजी वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

== सूत्रांचा प्रसार ==

एर्लांग यांच्या हयातीतच त्यांची सूत्रे इतर देशांतील टेलिफोन व्यवस्थांनी स्वीकारली. वाहिन्यांची संख्या ठरवण्यासाठी ब्रिटिश टपाल खात्याने त्यांचाच आधार घेतला. १९४६ मध्ये टेलिफोनविषयक आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने वाहतुकीच्या एककाला एर्लांग हे नाव दिले. १९४८ मध्ये ब्रॉकमायर, हाल्स्ट्रॉम आणि येन्सन यांनी त्यांचे चरित्र व निबंध एकत्र करून इंग्रजी ग्रंथ कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध केला. या ग्रंथातील येन्सन म्हणजे मुख्य अभियंता योहान येन्सन नव्हेत. त्यांचे निधन १९२५ मध्येच झाले होते.

== आधुनिक जाळ्यांतील स्थान ==

एर्लांग यांचा विचार वाहिन्यांच्या संख्येपुरता होता. केंद्राच्या आत कोणतीही येणारी वाहिनी कोणत्याही जाणाऱ्या वाहिनीला जोडण्यासाठी स्विचची अंतर्गत रचना कशी असावी, हा पुढचा प्रश्न. आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या प्रत्येक छेदावर एक जोडबिंदू ठेवल्यास १,०२४ येणाऱ्या व तितक्याच जाणाऱ्या वाहिन्यांसाठी १०,४८,५७६ बिंदू लागतात. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये लहान स्विचांच्या तीन टप्प्यांची रचना मांडली. या रचनेत पहिल्या टप्प्यातील प्रत्येक लहान स्विचला ३२ वाहिन्या दिल्या आणि मधल्या टप्प्यात ६३ स्विच ठेवले, तर १,९३,५३६ बिंदूंत काम भागते. असे असूनही अंतर्गत वाट नाही म्हणून एकही कॉल नाकारला जात नाही. एर्लांग यांनी नकाराचे प्रमाण मोजले. क्लॉस यांनी स्विचच्या आतला नकार रचनेनेच नाहीसा केला. आजच्या मोठ्या राउटरांत आणि डेटा केंद्रांतील जाळ्यांत क्लॉस यांची रचना मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

१९६०च्या दशकात माहितीचे लहान पुडके, म्हणजे पॅकेट, करून पाठवण्याची कल्पना पुढे आली. लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी अशा जाळ्यांच्या विश्लेषणासाठी रांगशास्त्राचाच उपयोग केला. पॅकेटला वाहिनी मोकळी नसेल तर ते स्विचच्या स्मृतीत थांबते. म्हणजे येथे एर्लांग यांची दुसरी व्यवस्था लागू पडते. साध्या प्रतिमानानुसार वाहिनी ५० टक्के व्यस्त असेल, तर पॅकेटला थांबणे धरून लागणारा सरासरी वेळ प्रत्यक्ष पाठवण्याच्या वेळेच्या दुप्पट असतो. ९० टक्क्यांना तो दहापट आणि ९९ टक्क्यांना शंभरपट होतो. म्हणून मुख्य जाळ्यांतील वाहिन्या पूर्ण भरण्याआधीच त्यांची क्षमता वाढवावी लागते.

पॅकेटांनी स्विचमध्ये नेमके कोठे थांबावे, यालाही महत्त्व आहे. प्रत्येक प्रवेशद्वारावर एकच रांग ठेवली, तर रांगेतील पहिले पॅकेट अडले की मागची सर्वच अडतात, मग त्यांचा मार्ग मोकळा का असेना. अशा मोठ्या स्विचची क्षमता यादृच्छिक व समप्रमाण वाहतुकीत सुमारे ५८.६ टक्क्यांपर्यंतच वापरता येते, असे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसून आले. यावर उपाय म्हणून प्रत्येक निर्गमद्वारासाठी प्रवेशद्वारावर स्वतंत्र रांग ठेवण्याची पद्धत अतिवेगवान स्विचांत रूढ झाली.

== मर्यादा ==

एर्लांग यांची गृहीतके माणसांच्या संभाषणांसाठी होती. ग्राहक पुष्कळ, त्यांचे निर्णय परस्परांपासून स्वतंत्र आणि एकेका कॉलचा भार अल्प, या परिस्थितीत प्वासाँ वितरण चांगले लागू पडते. संगणकांची वाहतूक तशी नसते. अमेरिकेतील बेलकोर या संस्थेत इथरनेट जाळ्यांवर केलेल्या सूक्ष्म मोजमापांच्या आधारे लेलँड, ताक्कू, विलिंगर व विल्सन यांनी १९९३-९४ मध्ये दाखवले, की पॅकेटांची वाहतूक स्वसदृश असते. सेकंदाच्या अंशात पाहिले तरी चढउतार दिसतात आणि मिनिटांच्या मापाने पाहिले तरी तसेच दिसतात. सरासरी काढल्याने ते अपेक्षेप्रमाणे विरून जात नाहीत. अशा वाहतुकीसाठी केवळ जुन्या सूत्रांवर विसंबून स्मृती व क्षमता ठरवली, तर ती अपुरी पडते. त्यामुळे आज डेटा जाळ्यांसाठी अधिक व्यापक प्रतिमाने वापरावी लागतात. दूरध्वनी व मोबाइल जाळी, ग्राहक सेवा केंद्रे इत्यादी ठिकाणी मात्र मूळ सूत्रे अजूनही वापरात आहेत.

== नावाचा वारसा ==

स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या संगणकीय भाषेला एर्लांग हे नाव देण्यात आले. त्यात गणितज्ञ एर्लांग यांचे स्मरण आहे आणि कंपनीच्या नावावरचा श्लेषही आहे. एकाच वेळी हजारो जोडण्या हाताळणाऱ्या व सहसा बंद न पडणाऱ्या यंत्रणांसाठी ही भाषा रचलेली आहे. एरिक्सनच्या एएक्सडी ३०१ या उच्च क्षमतेच्या डेटा स्विचमध्ये या भाषेतील दहा लाखांहून अधिक ओळींची आज्ञावली होती. १९९८ मध्ये ही भाषा मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुली करण्यात आली.